डबा, पेनड्राइव्ह आणि आईच्या बातम्या

गेल्या महिन्यात गावी गेलो तर आईचा सेट-टॉप बॉक्स (आमच्या घरी त्याला डबाच म्हणतात) आजारी. दहा मिनिटं चालायचा, बंद पडायचा, परत लोगो. पहिला संशय ॲडॅप्टरवर घ्यावा, म्हणून तो बदलून पाहिला. फरक नाही. दुकानदाराने निकाल आधीच दिला होता : "काकू, याला रिपेअरिंग परवडत नाही, नवाच घ्या."

हा डीडी फ्री डिशचा डबा. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, डबा एकदाच विकत घ्यायचा. म्हणजे डबा खरोखर आपला. पण आपला म्हणजे किती आपला? बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर या मॉडेलचं सॉफ्टवेअर सोडा, मॉडेलचं नावही नाही. मेनूत मात्र ‘यूएसबीवरून अपग्रेड’ असा पर्याय ऐटीत बसलेला. दार आहे, किल्ली नाही!

कुठूनतरी मिळालेली फाइल टाकणं मला पटत नाही. बाहेरून जुळे दिसणारे दोन डबे आत वेगळ्या चिपचे असू शकतात, आणि चुकीची फाइल गेली की डब्याची वीट. मग आठवलं, शेजारच्या काकांनी त्याच दिवशी, त्याच दुकानातून डबा घेतला होता. मेनूतल्या माहितीच्या पानावर हार्डवेअरचा नंबर तोच निघाला. त्यात आतलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची सोयही होती.

"अरे, माझा बंद पडला तर?" काकांचा रास्त प्रश्न. म्हटलं, काका, नुसतं वाचून घेतोय, त्यात लिहीत काही नाही. तरी ते शेवटपर्यंत उभेच होते.

खरा वेळ खाल्ला पेनड्राइव्हने. माझा ६४ जीबीचा नवाकोरा, डब्याने ओळखच दाखवली नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला होता, आणि असले डबे बहुधा १९९६ सालची फॅट३२च वाचतात. शेवटी ड्रॉवरमधला ४ जीबीचा, टोपण हरवलेला पेनड्राइव्ह कामी आला. (हिला सांगितलंय, यापुढे माझा ड्रॉवर आवरायचा नाही.) फाइल दोनदा उतरवली आणि लॅपटॉपवर दोन्हींचा चेकसम ताडून पाहिला. जुळला. आईच्या डब्यातलं बिघडलेलं सॉफ्टवेअरही आधी उतरवून ठेवलं. परतीची वाट असावी. मग फाइल कुठल्याही फोल्डरमध्ये न घालता पेनड्राइव्हवर नुसती ठेवली.

आता राहिली वीज. डबा आधी जुनं पुसतो, मग नवं लिहितो. त्या मधल्या क्षणी लाईट गेली तर आत काहीच उरत नाही. कोकणातला जून, बाहेर गडगडाट. डबा इन्व्हर्टरवर लावला आणि बसलो. दोन-तीन मिनिटं असतील, पण आई मधेच म्हणाली, "पंखा बंद करू का? तेवढाच भार कमी." हसलो, पण बंद करू दिला.

झालं. चॅनेल पुन्हा शोधावे लागले, इतकंच.

माझी तक्रार दुकानदारावर नाही. दोन तास घालवून त्याला मिळणार काय? तक्रार बनवणाऱ्यांवर आहे. काही एमबींची एक फाइल आणि तिचा चेकसम साईटवर ठेवायला काय लागतं? डब्याच्या तळाला तिचा पत्ता छापायला? हार्डवेअर धडधाकट असलेले असे किती डबे भंगारात जात असतील! डबा विकत घेतला तर ती फाइलही त्याच पैशांत आली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या शेजारी माझे काका नाहीत त्यांनी काय करायचं?

तो ४ जीबीचा पेनड्राइव्ह आता आईच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. वर चिठ्ठी चिकटवली आहे : ‘डब्याचं औषध. गाणी भरू नयेत.’