भिंतीवरचे चित्र

लेकीचा पहिला पगार झाला. मिठाई आली, दादीसाठी दुपट्टा आला आणि कागदात गुंडाळलेली एक मोठी फ्रेमही आली. माझ्या सासूबाईंनी लांबूनच विचारले, "तसवीर आहे का गं? मी नमाज पढते त्या खोलीत चेहरे नकोत."

कागद काढला तर त्यात ना माणूस, ना पाखरू. मधोमध मोठे काळे वर्तुळ आणि भोवती लाल-पिवळे पट्टे. सय्यद हैदर रझा यांच्या अमूर्त चित्राची ती छापील प्रत होती. रझा १९२२ साली मध्य प्रदेशात जन्मले, नागपूर आणि मुंबईत चित्रकला शिकले आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले. लहानपणी मन थाऱ्यावर राहावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे पाहायला लावले, ही आठवण ते सांगत. तोच बिंदू पुढे त्यांच्या चित्रांत आला. २०१६ मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडला येथे वडिलांच्या कबरीजवळ त्यांचा दफनविधी झाला.

"केवढ्याला घेतलीस?" मी विचारले.

"सात हजार. दुकानदार म्हणाला, ओरिजनल आहे."

रझांची मूळ चित्रे लिलावात कोटींनी विकली जातात. हा साधा डिजिटल प्रिंट होता. अम्मींनी वेगळेच विचारले, "ज्याची चीज, त्याची परवानगी घेऊन छापली आहे ना? पहिली कमाई हलालची आहे, वस्तूही साफ असावी."

लेकीचे डोळे भरून आले. पण अम्मींचे म्हणणे खरे होते. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. दुकानदाराकडे कसलाच कागद नव्हता. पाचशे रुपये कापून त्याने फ्रेम परत घेतली.

भगिनींनो, असे चित्र घेताना एवढे पाहा. प्रत परवानगीने छापली आहे का, हे विचारा आणि पावतीवर 'प्रिंट' असे लिहून घ्या. सेरीग्राफ असेल, तर कोपऱ्यात पेन्सिलीने ३७/१०० असा आकडा असतो. म्हणजे शंभर प्रतींपैकी सदतिसावी. साध्या पोस्टरला असा आकडा नसतो, म्हणून त्याची किंमतही तेवढी नसावी. काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट हवा. पावसाळ्यात ओल धरते, म्हणून फ्रेमच्या मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा. थेट ऊन पडते तिथे टांगू नका, रंग उडतात.

लेकीने पुढच्या महिन्यात परवानगीने छापलेली प्रत आणली आणि फ्रेम आमच्या गल्लीतल्या कारागिराकडून करून घेतली. सगळे मिळून साडेतीन हजारांत झाले. किब्ल्याची भिंत आम्ही कोरीच ठेवली. चित्र पूर्वेच्या भिंतीवर लावले, म्हणजे नमाजच्या वेळी ते पाठीशी राहते.

आता पाहुण्यांना चित्र दाखवायचा मान अम्मींचा. कुणी विचारले, "हे काय काढलंय?" तर त्या म्हणतात, "ते नातीला विचारा. पण पावती आहे हं याची."