उपासाची गोळी मागणाऱ्यांना काय सांगू?

मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली



पनवेलजवळच्या विचुंब्यात माझं औषधाचं दुकान आहे. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी आमच्याकडे मिठासारखी खपते. त्यात नवल नाही. तुमच्याच २०२३च्या अभ्यासात देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले. नवल आहे ते शुगर नसताना ही गोळी मागणाऱ्यांचं. परवा एक निवृत्त गृहस्थ आले. सडसडीत, रोज फिरायला जाणारे. म्हणाले, "शुगर नाही हो, म्हातारपण लांबवायला हवीय." चिठ्ठी नव्हती, म्हणून परत पाठवलं. पण त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

कमी खाल्लं तर उंदीर जास्त जगतात, हे कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ साली दाखवलं. माणसाला मात्र ते झेपत नाही. अमेरिकेत दोन वर्षं २५ टक्के कमी खाण्याचं ठरवून प्रयोग झाला, प्रत्यक्षात सरासरी १२ टक्क्यांवर गाडी अडली. (आपली तर एकादशी, दुप्पट खाशी!) मग पोट भरलेलं असतानाच पेशीला घरातलं धान्य संपत आल्याचं भासवणारी गोळी शोधणं आलं. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं रॅपामायसिन त्यातलंच. ते वेगळं करणारे सुरेन सेहगल मूळचे आपल्याच उपखंडातले. २००९ साली म्हाताऱ्या उंदरांना ते दिलं, तर माद्यांचं आयुष्य १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के वाढलं. पण मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला वापरतात ते हे औषध. धडधाकट माणसाने ते उगाच का घ्यावं? म्हणून सगळ्यांची नजर पेशीला तसंच भासवणाऱ्या, पण स्वस्त आणि जुन्या मेटफॉर्मिनवर.

२०१४ साली ब्रिटनमधल्या नोंदींत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही बिनमधुमेहींपेक्षा जास्त जगताना दिसले आणि गवगवा झाला. २०२२ साली डेन्मार्कच्या नोंदींत तसं काही दिसलं नाही. ६५ ते ७९ वयाच्या ३,००० बिनमधुमेही लोकांवर सहा वर्षांची चाचणी घ्यायची योजना अमेरिकेत आहे, ती पैशाअभावी वर्षानुवर्षं रखडली. पेटंट संपलेल्या गोळीवर कोणती कंपनी पैसे लावणार?

आणि ती चाचणी उद्या झाली, तरी तिचं उत्तर विचुंब्याला लागू पडेल का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी, आणि स्नायू तोकडे: आपली अंगकाठी अशी. मेटफॉर्मिनने तर स्नायूंच्या वाढीलाच अडसर होतो. ६५च्या पुढच्या लोकांकडून अमेरिकेत १४ आठवडे वजनं उचलून घेतली, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांना आणखी कमी स्नायू परवडणार नाहीत.

दुसरी गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. मेटफॉर्मिनने ते शरीरात कमी शोषलं जातं. याज्ञिकांच्याच चमूने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. त्यांतल्या ६७ टक्क्यांत ते आधीच कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. ही गोळी मागायला येतो तो नेमका हाच वर्ग. बी-१२ कमी पडलं की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. वय लांबवायच्या गोळीने वयाचीच लक्षणं आणली, तर दाद कोणाकडे मागायची?

मधुमेहींनी ही भीती बाळगून गोळी बंद करू नये, हे इथे स्पष्ट सांगतो. त्यांच्यासाठी ती फार चांगली आहे.

तुमच्याकडे माझी मागणी मोठी आहे, पण अवाजवी नाही. कंपन्या करणार नाहीत ती चाचणी सरकारी पैशातून तुम्ही करा. त्यात शुगरबरोबर बी-१२, हाताची पकड, चालण्याचा वेग आणि पडून मोडलेली हाडंही मोजा. निकाल यायला वर्षं लागतील, हे कळतं. तोवर एक पानभर सूचना मराठीत काढा: शुगर नसलेल्यांनी ही गोळी घ्यावी की नाही, आणि का. ती मी काउंटरच्या काचेवर चिकटवीन.

आपला,
विचुंब्यातला एक औषधविक्रेता