आजोबांचे स्मरण कशाने करावे?

आपल्या बहुतेक घरांच्या भिंतीवर एखाद्या पूर्वजाची तसबीर असते. पितृपक्षात तिला हार घातला जातो, त्यांच्या कष्टांची कथा पुन्हा एकदा सांगितली जाते, आणि हार सुकला की कथाही मागे पडते. आम्हां इंदूरच्या मराठी लोकांस होळकरांच्या पराक्रमाचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज मल्हाररावांच्या घोडदळाबरोबर माळव्यात आलेले नाहीत. ते पत्र्याची पेटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन आगगाडीने आले. आमचे आजोबा त्यांपैकीच एक.

खानदेशात चोपडे तालुक्यात त्यांचे खेडे. घरची कोरडवाहू जमीन तीन भावांस पुरणारी नव्हती. १९५० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते भुसावळहून खंडव्यास आले. तेथे छोट्या रुळांच्या गाडीत बसून मोरटक्क्याच्या पुलावरून त्यांनी नर्मदा ओलांडली आणि पाताळपाणीचा घाट चढून ते इंदुरास उतरले. त्या काळी हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा कापडगिरण्यांच्या भोंग्यांवर हे शहर जागे होत असे. आज ते सर्व भोंगे थांबलेले आहेत.

एका गिरणीत आजोबा बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. रोज फाटकाशी उभे राहावयाचे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर आत बोलावणे यावयाचे, नसेल तर तसेच परत फिरावयाचे. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही. अशी तीन वर्षे गेल्यावर ते साचेखात्यात कायम झाले आणि १९९० साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून साचेखात्यातील हवा मुद्दाम दमट ठेवीत. ऐन उन्हाळ्यात त्या दमट हवेत पाळी संपेपर्यंत उभे राहावे लागे. धोट्यांचा खडखडाट इतका की शेजारच्या माणसाशीही हाताच्या खुणांनी बोलावे. आजोबा घरी मोठ्याने बोलत, तेव्हा ते रागीट आहेत असे आम्ही लहानपणी समजत असू. त्यांचे कान साच्यांनी नेले होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

ते आले तेव्हा इंदूर मध्य भारत राज्यात होते. १९५६ साली ते मध्य प्रदेशात आले. १९६० साली त्यांचे खेडे मुंबई राज्यातून महाराष्ट्रात गेले. राज्यांच्या सीमा अशा हलत राहिल्या. आजोबांची गावी जाणारी मनिऑर्डर मात्र दरमहा न चुकता जात राहिली.

कोणी म्हणेल, होळकरांच्या नगरीत मराठी माणूस परका कसा? आजोबांचा अनुभव निराळा होता. खोली शोधताना ते तीन दारांवरून परत फिरले. त्यांतील दोन दारे मराठीच होती. गिरणीचा माणूस पाळीवरून अपरात्री येणार, असे कारण सांगण्यात आले. चौथ्या दारी एका माळवी बाईने त्यांना ओसरीवर पथारी टाकू दिली. तिची तसबीर आमच्या भिंतीवर नाही.

मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, आग्रा-मुंबई रस्त्याने हजारो मजूर पायी आपल्या गावी निघाले होते. वर्तमानपत्रातील त्यांचे छायाचित्र आजोबा पुष्कळ वेळ पाहत बसले. मग म्हणाले, "बाळांनो, आपणही असेच आलो होतो. आपल्याला गाडी मिळाली, एवढेच." पुढच्या वर्षी ते गेले.

आता जे लिहावयाचे, ते लिहिताना संकोच वाटतो. गतवर्षी आमच्या घराची मागची खोली रिकामी होती. अलीराजपूरकडील एक बांधकामावरचा मजूर, पत्नी व दोन मुलांसह, ती विचारावयास आला. "कळवितो," असे त्यास सांगण्यात आले. खोली पुढे दोन महिने रिकामीच होती. कळविले कोणीच नाही. आम्ही तेथे उभे होतो आणि गप्प राहिलो. आजोबांची तसबीर समोरच होती. वडीलधाऱ्यांस दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. भाडे बुडेल ही त्यांची धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु आजोबांना परत पाठविणाऱ्यांनाही आपले कारण असेच सबळ वाटले असेल.

आमचे मत असे की, पूर्वजांचे कष्ट ही मिरविण्याची वस्तू नव्हे; ते आपल्यावरील ऋण आहे. ज्यांचे ते ऋण, ते आता घ्यावयास नाहीत. म्हणून आज त्यांच्या जागी जो उभा आहे, त्याच्या ठायी ते फेडले पाहिजे. विद्यार्थ्यांच्या हाती खोल्या नाहीत, मजुरी ठरविणेही नाही. पण वर्षाच्या मध्येच शाळेत आलेल्या मजुराच्या मुलास आपल्या बाकावर जागा देणे आपल्या हाती आहे. त्याच्या बोलीस न हसणे आपल्या हाती आहे. आजोबांच्या अहिराणीसही लोक हसत असत. आणि घरी असा प्रसंग आला, तर नम्रपणे दोन शब्द बोलणेही आपल्या हाती आहे. आम्ही ते बोललो नाही, याची खंत आहे.

बालमित्रहो, ज्यांचे आजी-आजोबा हयात आहेत, त्यांनी आज सायंकाळी त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारावे : "या शहरात तुम्हांला पहिली जागा कोणी दिली?" उत्तर वहीत लिहून ठेवावे, आणि दाराशी कोणी अनोळखी माणूस येईल, तेव्हा ते आठवावे.