वाजंत्र्यांचे दात आणि माउथपीसची डागडुजी

वरातीपुढे सॅक्सोफोन घुमू लागला की म्हाताऱ्याकोताऱ्यांचेही पाय थिरकतात. पण तो वाजवणाऱ्याच्या तोंडात तासन् तास नेमके काय असते, याचा विचार आपण कधी केला आहे काय? दंतवैद्य या नात्याने मला तो करावा लागतो, कारण बँडपथकातील मंडळी ओठ सुजला, हिरडी हुळहुळते, वरचा पटाशीचा दात दुखतो अशा तक्रारी घेऊन येतात आणि पुष्कळदा दोष दातात नसतो, वाद्यात असतो.

सॅक्सोफोनचे पेटंट अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये घेतले. वाजवताना खालचा ओठ खालच्या दातांवर दुमडून रीडखाली धरतात आणि वरचे दात थेट माउथपीसच्या पाठीवर टेकवतात. माउथपीस धातूचा असेल तर दात टेकतात त्या जागी खोबण करून कडक रबराची किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी बसवलेली असते. तिला बाइट प्लेट म्हणतात. पट्टीमुळे दात घसरत नाहीत आणि धातूची थरथर कवटीत कमी जाते. दाताचे वरचे कवच रबरापेक्षा कितीतरी कठीण. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या वापराने पट्टीवर खाचा पडतात, ती तडकते आणि एखाद्या दिवशी निखळून पडते.

पुढे काय होते ते मी पाहतो. हार्डवेअरच्या दुकानातून दोन नळ्यांचा इपॉक्सी आणायचा, अंदाजाने कालवायचा आणि खोबणीत भरायचा. कुणी झटपट चिकटणारा गोंद ओततो, कुणी नळ दुरुस्तीची लांबी थापतो. संध्याकाळी वरात असते, थांबायला वेळ कुणाला?

माझा आक्षेप इथेच आहे. इपॉक्सीचे प्रमाण चुकले तर त्यातला काही भाग कच्चाच राहतो आणि हा कच्चा माल त्वचेला व ओठांना ॲलर्जी आणू शकतो. झटपट गोंद ठिसूळ असतो, जाड थरात नीट वाळत नाही आणि त्याचे टवके निघतात. लांबी तर तोंडासाठी बनवलेलीच नसते. खोबण उघडी ठेवावी, तर तिच्यात लाळ साचते. कल्हई गेलेल्या पितळेत ताक कळकते, हे आपल्या आयाबायांना सांगावे लागत नाही. लाळ ताकाइतकी आंबट नसते हे खरे, पण मुलामा उडालेले पितळ रोज दोन-चार तास तोंडात धरणे काही शहाणपणाचे नाही. मुलाम्याखाली निकेल असेल आणि त्याची ॲलर्जी असेल, तर ओठ सोलवटतात.

मग लावायचे काय? याचे उत्तर आमच्याच कपाटात आहे. १८५१ साली नेल्सन गुडइयर याने गंधक मिसळलेल्या कडक रबराचे पेटंट घेतले. पुढे अनेक दशके कवळ्या याच रबराच्या बनत आणि माउथपीस आजही त्याचे बनतात. कवळीत त्याची जागा ॲक्रिलिकने घेतली. तीच ॲक्रिलिकची पावडर आणि द्रव कालवून पट्टी नव्याने बसवता येते. दात भरण्याचे, निळ्या प्रकाशाने कडक होणारे मिश्रणही चालते. दोन्ही पदार्थ तोंडात राहण्यासाठीच तयार केलेले आहेत.

काही पथ्ये मात्र पाळावीत. धातूला हे पदार्थ आपोआप धरत नाहीत, म्हणून खोबण स्वच्छ करून खरवडावी लागते. ॲक्रिलिकचा द्रव पेट घेणारा आहे. खिडकी उघडी ठेवावी, जवळ स्टोव्ह नको. घट्ट झाल्यावर घासून गुळगुळीत करावे आणि दिवसभर कोमट पाण्यात ठेवावे, म्हणजे उरलेला द्रव बराचसा निघून जातो. पट्टीची जाडी मूळचीच ठेवावी. ती वाढली तर जबडा जास्त उघडावा लागतो आणि सांधा दुखतो. टोकाला आणि रीड बसते त्या सपाट भागाला कानस लावू नये, सूर बिघडतो. संपूर्ण रबरी माउथपीस उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये. तो हिरवट-तपकिरी पडतो आणि त्याला गंधकाचा वास येतो. नुसत्या खाचा पडल्या असतील, तर वाद्यांच्या दुकानात मिळणारा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रबरी तुकडा चिकटवला तरी भागते. तो सुटू लागला की बदलावा.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. असा वादक दारात आला तर 'आम्ही दात बघतो, बाजा नव्हे' म्हणून त्याला परत पाठवू नका. काम थोड्या वेळाचे आहे, सामान हाताशी आहे. पथकाच्या मालकांनीही हंगामापूर्वी सर्व माउथपीस तपासून घ्यावेत आणि प्रत्येक वादकाला त्याचा स्वतःचा द्यावा. एकाच्या ओठावरचा जर उठलेला फोड दुसऱ्याला याच वाटेने लागतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पट्टी बदलूनही तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर वाद्याला दोष देत बसू नका. त्यातून तंबाखूची सवय असेल तर एकही दिवस न दवडता डॉक्टरांना तोंड दाखवा. तोंडाचा कर्करोग पुष्कळदा अशाच न दुखणाऱ्या, न भरणाऱ्या जखमेने सुरू होतो आणि लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.