सूत्रधार गेला, प्रश्न उरले!

विशेष प्रतिनिधी

आज पडलेल्या कोड्याचे उत्तर लेखकाजवळ आहे आणि ते पुढे कधीतरी मिळेल, या भरवशावर क्रमशः कथा वाचली जाते. लेखकच अर्ध्या वाटेवर निघून गेला, तर हा भरवसा कोणावर ठेवायचा? 'बर्सर्क' या जपानी चित्रकथेच्या जगभरातील वाचकांपुढे २०२१ पासून हाच प्रश्न उभा आहे.

राक्षसांची शिकार करणाऱ्या गट्स या तलवारबहाद्दराची ही कथा केन्तारो मिउरा यांनी १९८९ मध्ये सुरू केली. २००२ मध्ये तिला ओसामू तेझुका यांच्या नावाचा सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. पुढे तिच्या प्रतींची संख्या ५ कोटींपलीकडे गेली. ६ मे २०२१ रोजी महाधमनीच्या विकाराने मिउरा यांचे वयाच्या ५४ व्या वर्षी निधन झाले आणि कथा ऐन वळणावर थांबली.

त्यांच्या पश्चात सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६४ व्या प्रकरणात पौर्णिमेच्या रात्री येणारे गूढ बालक गट्ससमोरच ग्रिफिथचे रूप धारण करते. हा ग्रिफिथ म्हणजे सत्तेसाठी आपल्याच साथीदारांचा बळी देणारा गट्सचा जुना मित्र. त्या संहारात भान हरपलेली कास्का शुद्धीवर येण्यासाठी वाचकांना दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले होते. ती सावरली, पण गट्सच्या सूडाचे काय होणार? मदतीला धावून येणारा कवटीधारी सरदार नेमका कोण? गट्सच्या सामानात पडून असलेला 'बेहेलिट' हा शापित ताईत अखेर कोणाच्या हाती जाणार? हे सारे प्रश्न अधांतरीच राहिले.

जून २०२२ मध्ये 'हाकुसेन्शा' या प्रकाशनसंस्थेने कथा पुढे नेण्याचा निर्णय जाहीर केला. चित्रांची जबाबदारी मिउरा यांच्या सहायकांच्या 'स्टुडिओ गागा'कडे, तर देखरेख त्यांचे शाळेपासूनचे मित्र आणि चित्रकथाकार कोजी मोरी यांच्याकडे आली. सुमारे ३० वर्षांपूर्वी मिउरा यांनी आपल्याला शेवटापर्यंतची कथा ऐकवली होती, असे मोरी यांनी सांगितले. मिउरा जे बोलले तेवढेच आपण देऊ, जे नीट आठवत नाही त्यात पदरची भर घालणार नाही, अशी मर्यादाही त्यांनी स्वतःवर घालून घेतली.

या मर्यादेचे मोल समजण्यासाठी दुसरे उदाहरण पाहावे. आपल्याकडील मुलांना दूरचित्रवाणीमुळे परिचित असलेल्या 'शिनचॅन'चे जनक योशितो उसुई यांचे २००९ मध्ये अपघाती निधन झाले. त्यानंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चित्रकथा नव्या नावाने चालू ठेवली. तेथे प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने मूळ लेखकाच्या मनात काय होते, हा प्रश्न फारसा आड येत नाही. 'बर्सर्क'चे तसे नाही. तिची प्रत्येक घटना एका ठरलेल्या शेवटाकडे चालली आहे. साहजिकच चुकीच्या उत्तराने मागील सारी कथाच डागाळू शकते.

उत्तर देण्यातही धोका असतो, हे खुद्द मिउरा यांना ठाऊक होते. मानवी नियतीमागील शक्तीचा थेट उलगडा करणारे ८३ वे प्रकरण मासिकात छापून आल्यानंतर त्यांनी ते पुस्तकातून वगळले. इतक्या लवकर इतके सांगणे कथेला मारक ठरेल, असे त्यांचे मत पडले. कोणते उत्तर केव्हा द्यायचे, हा विवेकही लेखनाचाच भाग असतो आणि तो मित्राच्या स्मरणशक्तीतून पूर्णपणे उतरवता येत नाही. नव्या प्रकरणांत ग्रिफिथ कास्काला घेऊन जातो. ही घटना स्मरणातून मिळू शकते. त्या क्षणी गट्सच्या चेहऱ्यावर काय उमटावे, हे मात्र नव्या हातांनाच ठरवावे लागते.

म्हणूनच नव्या प्रकरणांवर मूळ कथाकार म्हणून मिउरा यांचे, तर देखरेखीसाठी मोरी यांचे आणि चित्रांसाठी स्टुडिओचे नाव स्वतंत्रपणे येते, ही बाब महत्त्वाची आहे. कोणाचे काय, हे वाचकाला कळते. काही प्रश्न यापुढेही अनुत्तरित राहतील. परंतु दिवंगत लेखकाच्या नावावर खोटी उत्तरे खपविण्यापेक्षा त्या जागा मोकळ्या ठेवणे, हाच वाचकांशी राखलेला प्रामाणिकपणा ठरेल.