गाळ आधी तपासा, मग ओता



‘सेप्टिक टँकचा गाळ तपासण्यावर पैसे कशाला, सोडा तो सांडपाणी प्रकल्पात’ हे मागील अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे पटले नाही. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर. टाकीत वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाचा कित्येक हजार. लहान प्रकल्पात असे चार टँकर एकदम ओतले, की तिथले जिवाणूच कोलमडतात.

सीओडी, म्हणजे त्याच घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा ऑक्सिजन, हाही मोजावा लागतो. सार्वजनिक शौचालयाच्या ताज्या मैल्यात तो बीओडीच्या मानाने फार जास्त नसतो, म्हणजे पुष्कळ भाग अजून कुजायचा असतो. जुन्या गाळात हे अंतर वाढते. जिवाणूंना खायला त्या मानाने फारसे उरलेलेच नसते. तो निथळून वाळवणे बरे. आणि जंतांची अंडी मोजल्याशिवाय शेतात तर टाकूच नये. वाई आणि सिन्नर येथे गाळासाठी स्वतंत्र प्रकल्प उभारले, ते उगाच नव्हे.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे: एका बाटलीच्या अहवालावर विसंबू नये. टँकर रिकामा होताना सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नमुने घेऊन ते एकत्र करायचे असतात. घाईत पहिल्याच धारेची बाटली भरून नेली, तर आकडे भलतेच येतात.

– एक वाचक, सातारा