दोन दिवसांचे काम, जबाबदारी कोणाची?

पुणे - पावसाळा ओसरतो, दसरा-दिवाळीचे वेध लागतात आणि शहरांतील घराघरांत डागडुजीची घाई सुरू होते. कोठे छताला ओल धरलेली असते, कोठे जिप्सम बोर्डाच्या आडभिंतीला चीर गेलेली असते, तर कोठे मुलांच्या अभ्यासासाठी दिवाणखान्यातून एक खोली काढायची असते. काम जेमतेम दोन-तीन दिवसांचे. ते करणारा माणूस मात्र ओळखीतून, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून किंवा थेट मजूर अड्ड्यावरून आणला जातो. दर तोंडी ठरतो, पैसे रोख दिले जातात आणि माणूस निघून जातो. महिन्याभरात सांधा पुन्हा उकलला, की त्याचे नावही आठवत नाही. या व्यवहारात फसगत केवळ घरमालकाचीच होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही.

आधी ओल, मग बोर्ड

विटांच्या भिंतीच्या तुलनेत जिप्सम बोर्डाचे काम हलके आणि झटपट होते. जस्तलेपित पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा उभारून त्यावर साधारणतः साडेबारा मिलिमीटर जाडीचे बोर्ड स्क्रूने बसवितात. सांध्यांवर कागदी टेप आणि जॉइंटिंग कंपाउंड लावून घासले, की भिंत रंगासाठी तयार. पाणी मारण्याची गरज नाही, राडारोडाही कमी.

मात्र या भिंतीचा शत्रू पाणीच. जिप्समच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेले असते. आग लागल्यास त्याची वाफ होते आणि ज्वाळांचा वेग मंदावतो. बाहेरून मुरलेल्या पाण्याने मात्र बोर्ड मऊ पडतो व त्याच्या कागदी आवरणावर बुरशी धरते. ओलसर जागेसाठी मिळणारे हिरवे बोर्ड दमटपणा सोसतात, सततची गळती नव्हे. म्हणूनच 'पाणी येते कोठून' हे न विचारता नवा बोर्ड ठोकणारा कारागीर स्वस्त असला तरी महागात पडतो.

इमारत नवी असेल, तर आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ (३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामाचा वा कारागिरीचा दोष विकसकाने तीस दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. अनेक रहिवासी मात्र हा हक्क न तपासताच पदरमोड करून मिस्त्री बोलावतात.

मोजमापाचा वाद

बोर्डाच्या नव्या कामाचा दर चौरस फुटावर, तर डागडुजीचा दर बहुधा हजेरीवर ठरतो. वादाची सुरुवात येथेच होते. दरवाजाची मोकळी जागा मोजायची की नाही, सामान कोणी आणायचे, घासकाम आणि रंगाआधीची पुट्टी दरात धरली आहे का, जुना बोर्ड खाली कोण नेणार, हे आधी ठरलेले नसते. हातभर तुकड्याची दुरुस्ती चौरस फुटाच्या दराने कोणत्याही कारागिराला परवडत नाही. कारण जाण्यायेण्यात आणि कंपाउंड वाळण्याची वाट पाहण्यात त्याचा दिवस मोडतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्कही नाही. परंतु दाद कोणाविरुद्ध मागायची? नाव नाही, पत्ता नाही, पावती नाही.

नव्वद दिवसांचे कोडे

आता दुसरी बाजू. वारजे असो वा डांगे चौक, सकाळी अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला कल्याणकारी मंडळाचा लाभ हवा असेल, तर गेल्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामाचे काम केल्याचे त्याला दाखवावे लागते. वय १८ ते ६० हवे. महाराष्ट्रात हे मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. नोंदीत कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य आणि कामावर मृत्यू ओढवल्यास वारसास पाच लाख रुपये, अशा त्याच्या योजना आहेत. मोठ्या प्रकल्पावर ठेकेदार प्रमाणपत्र देऊ शकतो. आज कोथरूडला छत, उद्या हडपसरला आडभिंत असे काम करणाऱ्याला ते कोण देणार? त्याचा मालक रोज बदलतो.

कायद्यानेही छोट्या घरकामापासून अंतरच राखले आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करवून घेणारी व्यक्ती 'आस्थापने'त धरलेली नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर गेली आणि ही सूट बांधकामाच्या व्याख्येतच आली. घरमालकावर उपकराचा व कागदपत्रांचा बोजा पडू नये, हा हेतू रास्त आहे. पण अशा घरांत घाम गाळलेले दिवस नव्वदांत धरायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो. सर्वसामान्यांच्या सदनिकेतील बहुतेक कामे पन्नास लाखांच्या आतलीच असतात.

एक साधी चिठ्ठी

या कोड्याचे उत्तर शासनानेच द्यायला हवे. अड्ड्यावरच हजेरीची नोंद ठेवणे आणि घरगुती कामाचे दिवस स्पष्टपणे ग्राह्य धरणे, हे त्याचे दोन मार्ग. तोवर घरमालकाच्या हाती एक साधा उपाय आहे. कामाआधी एका कागदावर कारागिराचे नाव, मोबाईल क्रमांक, कामाचे स्वरूप, मोजमापाची रीत, दर आणि तारखा लिहाव्यात. दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी. थोडी रक्कम सांधे वाळून तपासल्यावर देण्याचे ठरवावे. पण ठरलेल्या दिवशी ती न चुकता द्यावी.

ही चिठ्ठी म्हणजे सरकारी प्रमाणपत्र नव्हे. तथापि घरमालकाला तक्रारीसाठी नाव मिळते आणि कामगाराला आपण त्या दोन दिवशी कामावर होतो, हे सांगणारा निदान एक कागद मिळतो. आज त्याच्याकडे तोही नाही.